शेपटीचा श

क्लुज, १४ सप्टेंबर २०१६

श्री. एमिलियान कोमशा यांस,
नमस्कार.

आपली ओळख नाही. माझं नाव स्मरांडा व्लाइकू. मी इथे क्लुजमध्ये एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या पोटात वर्षानुवर्षं कागद साचलेले असतात, करार, नकाशे, तक्रारी, पत्रं. त्यातून हवा तो कागद शोधून देणारी यंत्रणा आम्ही बसवून देतो. म्हणजे जगभर हिंडायचं नाही, घरातलंच शोधायचं. पण घरात ठेवलेली वस्तूच घरात सापडत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

तुमचं ‘शोधणाऱ्यांसाठी’ हे पान नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी मला उघडून दिलं आणि म्हणाले, “आधी हे वाच, मग माझं डोकं खा.” शब्दांची मुळं ओळखणारे प्रोग्रॅम, फुकटचे शब्दकोश, चाचणीसाठी कागदांचे तयार गठ्ठे, सगळ्यांचे दुवे एका जागी आणि प्रत्येकाखाली तुमचा एका ओळीचा शेरा. “प्रोग्रॅम उत्तम, लिहिणारा गर्विष्ठ, प्रश्न विचारायला जाऊ नये” हा शेरा वाचून मी ऑफिसात एकटीच हसत बसले होते.

लिहिण्याचं कारण असं की आपल्या रोमानियन भाषेतल्या मुळांच्या यादीचा दुवा मेला आहे. यादी नव्या जागी हलवली आहे, तो पत्ता खाली देते.

आणि एक अडचण. आमचं सध्याचं गिऱ्हाईक एक ट्रान्सफॉर्मरचा कारखाना आहे. तिथल्या भांडारातल्या बाई ‘शुरुब’ म्हणून शोधतात, तर स्क्रूंचे अलीकडचे कागद तेवढे येतात. जुन्या काळात जणू तो कारखाना स्क्रूशिवायच चालला होता. कागद तिथे आहेत, मी डोळ्यांनी पाहिलेत. मग सापडत का नाहीत?

एवढं सगळं फुकट वाटता, त्याबद्दल काय म्हणू? बोगदाप्रोस्ते!

आपली,
स्मरांडा


रिम्निक, १६ सप्टेंबर २०१६

पोरी,

पहिली गोष्ट, मला श्री. वगैरे लावू नकोस. इकडे ओल्तेनियात माझ्या वयाच्या माणसाला ‘नेआ’ म्हणतात. नेआ एमिलियान म्हण, म्हणजे मला कळेल की माझ्याशीच बोलते आहेस, वीज मंडळाशी नाही.

दुसरी गोष्ट, तू शेवटी जो शब्द लिहिलास तो असा उधळायचा नसतो. तुमच्या क्लुजमध्ये गमतीत म्हणत असाल. इथे कुणी मेलेल्या माणसाच्या नावाने पेला दिला, पोळी दिली, तर घेणारा ‘बोगदाप्रोस्ते’ म्हणतो. देव त्याला क्षमा करो. तिथे ‘धन्यवाद’ चालत नाही आणि इतर ठिकाणी हा चालत नाही. दुवा मेला होता हे खरं, पण मी अजून आहे. तेव्हा साधं धन्यवाद पुरे.

आता तुझे स्क्रू. आपल्या भाषेत ‘श’ लिहायला एस अक्षराखाली स्वल्पविराम द्यायचा असतो. पण सुरुवातीला कॉम्प्युटर बनवणाऱ्यांनी आपल्या गळ्यात तुर्कांचा एस मारला, खाली शेपूट असलेला. अख्ख्या देशाने वर्षानुवर्षं तो शेपटीचा श टंकला. पुढे आपण युरोपच्या मांडवात शिरलो तेव्हा खरा, स्वल्पविरामाचा श कीबोर्डवर आला. माणसाच्या डोळ्याला दोन्ही एकच. यंत्राला मात्र ती दोन निराळी अक्षरं आहेत. तुझ्या बाई स्वल्पविरामाचा श टंकतात आणि जुने स्क्रू शेपटीच्या श मध्ये पडून आहेत. शोधायच्या आधी दोन्ही श एक करून टाक. एका ओळीचं काम आहे.

माझ्या पानावरचा पहिला नियम वाचला नव्हतास वाटतं: शून्य आलं, तर वस्तू नाही असं समजू नये, आपण नीट शोधलं नाही असं समजावं.

सावेता, म्हणजे माझी बायको, अंगणात झाकुस्कासाठी, हिवाळ्याच्या चटणीसाठी, मिरच्या भाजते आहे. धुराने मला ठसका लागलाय आणि ती म्हणते, बघ, क्लुजच्या मुलीला उत्तर लिहिताना डोळ्यांत पाणी आलं तुझ्या. तिला तू त्सात्सा सावेता म्हण. दुव्याबद्दल धन्यवाद. तुम्ही क्लुजची माणसं सावकाश, तेव्हा उत्तर नाताळपर्यंत आलं तरी चालेल.

नेआ एमिलियान


क्लुज, ७ नोव्हेंबर २०१६

नेआ एमिलियान,

बघा, नाताळाच्या आधीच लिहिते आहे. तुम्ही ओल्तेनियाची माणसं तुमच्या लाडक्या लीक-कांद्याची पात चावत चावत इतकं भराभर बोलता की आम्हाला उत्तर द्यायला श्वास कुठून उरणार!

स्क्रू सापडले. सगळे. भांडारातल्या बाईंनी मला मिठी मारली. मग डायरेक्टरसाहेब आले आणि त्यांनी यंत्रणेला पहिला शब्द काय दिला असेल? स्वतःचं नाव. तुमच्या पानावर लिहिलंय तसंच: “माणूस आधी स्वतःला शोधतो.” दुसऱ्या दिवशी त्यांच्या ड्रायव्हरने साहेबांचं नाव टाकलं आणि त्याला साहेबांचा पगार सापडला. कुणी काय पाहायचं ती कुलपं लावायची राहिली होती. आठवडाभर कारखान्यात दुसरा विषय नव्हता. बोलणी मी खाल्ली, पण ड्रायव्हर मला अजून सलाम करतो.

आता त्यांना आणखी एक हवंय. रोज सकाळी यंत्राने आपणहून एखादं नाव शोधावं, रात्रीतून काही नवीन आलं असेल तर सांगावं. तुमच्याकडे असा एखादा छोटा प्रोग्रॅम आहे का? मी पाहून शिकेन.

त्सात्सा सावेतांची झाकुस्का कशी झाली? आमच्याकडे आई गेल्यापासून विकतची आणतो. तिला चव नसते, नुसता लाल रंग असतो.

स्मरांडा


रिम्निक, ९ नोव्हेंबर २०१६

पोरी,

प्रोग्रॅम सोबत जोडला आहे. माझा रोजच्या वापरातला आहे. तो कंपनीच्या कागदांत नाही, बाहेर शोधतो, वर्तमानपत्रं, संस्थांची पानं, चर्चची पत्रकं. जागा आणि नाव बदललंस की तुझं काम होईल.

आत जे नाव दिसेल ते आमच्या मुलाचं आहे. साबिन कोमशा. तू विचारणार, म्हणून आधीच सांगतो. तो स्पेनला गेला, इमारतींवर वायरिंगचं काम करायला. पहिली दोन वर्षं दर रविवारी फोन यायचा. मग महिन्यातून एकदा. मग एका नाताळला त्याने आईला सांगितलं की पत्ता बदलतोय, नवा नंबर कळवतो. तो नंबर काही आला नाही. इथे काही भांडण झालं नव्हतं, कुणी कुणाला वाईट बोललं नव्हतं. पोरगा हळूहळू लांब गेला, एवढंच.

रोज सकाळी सावेता कॉफी घेऊन येते, माझ्या खुर्चीमागे उभी राहते आणि विचारते, “काही?” मी पडदा तिच्याकडे वळवतो. शून्य. ती म्हणते, “बरं,” आणि कॉफी ओतते. मग आमचा दिवस सुरू होतो. ती आशेवर आहे आणि त्या आशेवर ती जेवते, झोपते, मिरच्या भाजते. बस.

यावर मला काही लिहू नकोस. झाकुस्काच्या दोन बरण्या पाठवल्या आहेत. बरण्या परत पाठवायच्या, सावेता मोजून ठेवते.

नेआ एमिलियान


क्लुज, २ डिसेंबर २०१६

नेआ एमिलियान,

झाकुस्का ऑफिसात नेली ही माझी चूक. बरणी पुसून खाल्ली लोकांनी. दुसरी लपवली आहे.

यावर लिहू नकोस म्हणालात, पण हे लिहायलाच हवं, आणि तुम्ही खूश व्हाल. तुमचा प्रोग्रॅम मी ओळ न् ओळ वाचला. दोन्ही श एक करणारी ओळ त्यात आहे, पण बंद आहे! ओळीच्या सुरुवातीला तुम्ही खूण घातली आहे, म्हणजे यंत्र तिच्यावरून उडी मारून पुढे जातं. चाचणीसाठी कधीतरी बंद केली असेल आणि उघडायला विसरलात. आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी चूक! मी स्वतः मागच्याच महिन्यात केली. पण तुम्ही, ज्यांनी मला शेपटीचा श शिकवला, त्यांनी करावी?

म्हणजे इतके दिवस यंत्र साबिनला फक्त स्वल्पविरामाच्या श ने शोधतंय. स्पेनमध्ये कुणा आपल्या माणसाने जुन्या कीबोर्डवर शेपटीचा श टंकला असेल, तर साबिन तिथे असूनही तुम्हाला शून्यच दिसत राहणार. तुमचाच पहिला नियम! आज संध्याकाळीच ओळ उघडा. मला आतून वाटतंय, तो सापडेल. त्सात्सा सावेतांना अजून सांगू नका, सापडला की एकदमच सांगा.

तुमची आनंदलेली,
स्मरांडा


रिम्निक, २ डिसेंबर २०१६

स्मरांडा,

ती ओळ बंदच राहू दे. तुझं काम झालं असेल तर माझा प्रोग्रॅम पुसून टाक.

ए. कोमशा


क्लुज, १२ जानेवारी २०१७

आदरणीय नेआ एमिलियान,

नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तुम्हाला दोघांनाही आरोग्य लाभो. त्सात्सा सावेतांची तब्येत कशी आहे?

मागच्या पत्रात मी आगाऊपणा केला, क्षमा असावी. तुमची चूक दाखवायची माझी पायरी नव्हती. प्रोग्रॅम पुसला आहे.

इथे खूप बर्फ पडला. कारखान्याचं काम संपलं. आता एका औषध कंपनीचं घेतलं आहे. कामात काही विशेष नाही. बरण्या धुऊन, नीट गुंडाळून पाठवल्या आहेत. त्सात्सा सावेतांना माझा नमस्कार सांगा. थंडीत त्यांनी बाहेर फार फिरू नये. त्यांना रक्तदाबाचा वगैरे त्रास आहे का?

मी विचार केला, कधी कधी शून्य हासुद्धा एक निकालच असतो. असो.

आपली नम्र,
स्मरांडा


रिम्निक, १५ जानेवारी २०१७

पोरी,

तू ओळ उघडलीस.

मला ‘आदरणीय’ म्हणालीस, लीकवरून चिडवलं नाहीस आणि एका पानात सावेताची तीनदा चौकशी केलीस. शिवाय मी आयुष्यभर ज्याच्या उलट सांगत आलो ते वाक्य मलाच लिहून पाठवलंस. कागदावर खोटं बोलणं तुला जमत नाही. मला तर तोंडानेही जमत नाही; माझे कान लाल होतात आणि लग्नापासून सावेताला ते ठाऊक आहे.

तेव्हा तू ते पत्रक वाचलंस. स्पेनमधल्या कास्तेयॉनच्या आपल्या चर्चचं. “आपल्या समाजातले दिवंगत.” नावांमध्ये साबिन कोमशा, शेपटीच्या श ने. तू महिनाभर ते एकटीने बाळगलंस याचं मला वाईट वाटतं. तुला तो प्रोग्रॅम पाठवायलाच नको होता. कदाचित कुणीतरी बघावं असं माझ्याच मनात असेल. म्हातारपणी माणूस स्वतःचं मन नीट वाचत नाही.

ओळ मी विसरलो नव्हतो. ती सुरुवातीपासून उघडीच होती. मी नवशिका नाही. एका सकाळी शून्याच्या जागी एक आलं. मी वाचलं. इमारतीवरून पडला होता, महिना उलटून गेला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरात पेल्यांचा आवाज झाला. सावेता येणार, विचारणार, आणि माझे कान. काय करावं सुचेना. हात मात्र आपलं काम जाणत होते. त्यांनी ओळीपुढे खूण घातली आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. सावेता मागे येऊन उभी राहिली. “काही?” मी पडदा वळवला. शून्य. मी खोटं बोललो नाही, यंत्र बोललं. ती म्हणाली, “बरं,” आणि कॉफी ओतली.

त्या दिवशी मला वाटलं, उद्या सांगू. मग प्रत्येक सकाळी वाटत गेलं की आजचा एक दिवस जाऊ दे.

बुखारेस्टला काम आहे असं सांगून मी कास्तेयॉनला जाऊन आलो. तिथे भिंतीत कप्पे करून पुरतात. त्याच्या कप्प्यावरच्या पाटीवरही नाव शेपटीच्या श नेच लिहिलंय. मी त्या शेपटीवर बोट घासत उभा राहिलो, जसं काही ती निघेल. मग तिथेच खाली बसून रडलो. झाडणारी बाई आली, तिने मला पाणी दिलं. परत आलो तेव्हा सावेताने विचारलं, बुखारेस्टला काय खाल्लंस? मी म्हटलं, सूप.

आता तुला सगळं ठाऊक आहे. सावेताला सांगायचं नाही.

नेआ एमिलियान


क्लुज, २२ जानेवारी २०१७

नेआ एमिलियान,

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तरीही मला बोलू द्या.

माझे वडील गेले तेव्हा मी परीक्षेला तिमिशोआराला होते. घरच्यांनी मला कळवलं नाही. “तुझं वर्ष वाया गेलं असतं,” म्हणाले. सगळे माझ्या भल्यासाठीच वागले. मी आले तेव्हा पुरून झालं होतं, कोलिवा, मेलेल्याच्या नावाचा गव्हाचा प्रसाद, वाटून झाला होता, शेजारणींनी हातातल्या मेणबत्त्या विझवून घरी नेल्या होत्या. मी त्यांच्यावर अजून रागावलेली आहे, आणि प्रेमाने वागलेल्या माणसांवर रागावणं फार जड जातं.

त्सात्सा सावेतांना त्रास होईल, माहीत आहे. पण साबिनचं काय? तो मेणबत्तीशिवाय गेला. त्याच्या नावाने इथे एक वात लावलेली नाही, एक पेला दिलेला नाही. तुम्हीच म्हणाला होतात की तुमच्याकडे मेलेल्यांच्या नावाने पेले देतात. इथे जे देतो तेच तिकडे त्यांच्या हातात पडतं, असं माझी आजी म्हणायची. मग त्याचे हात रिकामेच असतील ना? तुम्ही आईची आशा राखलीत, पण मुलाला उपाशी ठेवलंत.

रागवा माझ्यावर, पण त्यांना सांगा.

स्मरांडा


क्लुज, १६ एप्रिल २०१७

नेआ एमिलियान,

ख्रिस्त उठला!

तीन महिने तुमची एक ओळ नाही. तुमच्या पानावरही नवीन काही नाही. मी फार टोचून लिहिलं. शेवटचं वाक्य तर लिहायलाच नको होतं. पाठवल्या क्षणी कळलं, पण गेलेलं पत्र कुठे परत आणता येतं? तुमच्या घरातलं दुःख तुमचं आहे. मी शेजारच्या गल्लीतलीसुद्धा नाही.

मी ईस्टरचा गोड पाव, कोझोनाक, भाजला, तो मधोमध बसला. तुम्ही असता तर त्यावर एका ओळीचा शेरा मारला असतात. उत्तर देऊ नका हवं तर. पण मला तुमची आठवण येते.

स्मरांडा


रिम्निक, २० एप्रिल २०१७

पोरी,

खरंच उठला!

रागावलो होतो. तुझ्यावर नाही, तू खरं लिहिलंस म्हणून. ‘उपाशी’ हा शब्द माझ्या घशात अडकून बसला. जेवायला बसलो की तो आठवायचा. सावेता विचारायची, मीठ जास्त पडलंय का?

परवा मी होरेझूला जाऊन आलो. तिथल्या कुंभाराकडून एक पेला घेतला, तळाशी कोंबड्याचं चित्र असलेला. लहानपणी साबिन असल्या पेल्यात दूध प्यायचा आणि कोंबडा दिसेपर्यंत पेला खाली ठेवायचा नाही. तो पेला मी माझ्या जुन्या वायरींच्या पेटीत लपवला आहे.

पेंटेकोस्टच्या आदल्या दिवशी मोशींचा शनिवार येतो, पितरांचा. त्या दिवशी सावेता गल्लीत पेले वाटते, तिच्या आईच्या नावाने, माझ्या वडिलांच्या नावाने. गेली काही वर्षं मी त्या दिवशी पहाटेच गळ घेऊन ओल्त नदीवर निघून जातो. मासा गळाला लागला तरी सोडून देतो. एवढी नावं घेतली जातात आणि आपल्याच पोराचं घेतलं जात नाही, ते ऐकत घरात बसणं मला झेपत नाही.

यंदा घरी राहणार आहे. तिला सांगणार आणि पेला तिच्याच हातात देणार. देव मला तोंड देवो.

कोझोनाक बसला याचा अर्थ तू भट्टीचं दार उघडून बघत होतीस. हा माझा शेरा.

नेआ एमिलियान


रिम्निक, ५ जून २०१७

स्मरांडा, पोरी,

शनिवारी मी गळ काढलेच नाहीत. सावेता म्हणाली, “आज मासे नाहीत का?” मी म्हटलं, गुडघा दुखतोय. टेबलावर नवे पेले मांडले होते, प्रत्येकात चेरी, प्रत्येकावर पोळीचा तुकडा आणि मेणबत्ती. माझा पेला कोटाच्या आत होता. मी म्हणणारच होतो, सावेता, जरा बस. तेवढ्यात फाटकात शेजारची पारास्कीवा आली, आणि सावेता घाईने एक पेला उचलून बाहेर गेली. मी खिडकीशीच उभा होतो.

सावेताने मेणबत्ती लावली, पेला तिच्या हातात दिला आणि हळू आवाजात म्हणाली, “हा साबिनच्या आत्म्यासाठी.”

पारास्कीवा म्हणाली, “बोगदाप्रोस्ते.” तिला जराही नवल वाटलं नाही. दरवर्षीचं असल्यासारखं म्हणाली. मग माझ्याकडे खिडकीत लक्ष गेलं आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

पारास्कीवाची सून कास्तेयॉनला कामाला आहे. तिने तेव्हाच कळवलं होतं. म्हणजे सावेताला माझ्याइतकंच जुनं ठाऊक होतं. मी नदीवर मासे सोडत बसायचो आणि मागे ती आपल्या पोराच्या नावाने पेला द्यायची. अख्ख्या गल्लीने आजवर तोंडातून ब्र काढला नाही. साबिन एक दिवसही उपाशी नव्हता, पोरी. हे तुला आधी सांगायला हवं होतं, म्हणून पुन्हा लिहितो. साबिन उपाशी नव्हता.

आम्ही दोघं आत येऊन बसलो. मी विचारलं, “मग रोज सकाळी ‘काही?’ म्हणून का विचारत होतीस?”

ती म्हणाली, “तू रोज ते यंत्र लावत होतास म्हणून. मला वाटलं, ह्या माणसाला अजून आशा आहे. मी विचारायचं बंद केलं तर त्याला कळेल ना, की मी सोडली.”

“आणि मी पडदा वळवायचो तेव्हा?”

“तेव्हा तुझे कान लाल व्हायचे. मला वाटायचं, रडू आवरतोयस. शून्य बघितलं की तुझे खांदे खाली यायचे. मी मनात म्हणायचे, आजही निराश झाला बिचारा. मग लवकर कॉफी ओतायचे.”

माझे खांदे सुटकेने खाली यायचे, स्मरांडा. आणखी एक दिवस तिला कळलं नाही, या सुटकेने. आणि ती ‘बरं’ म्हणायची तेही त्याच सुटकेने. एकमेकांच्या पाठीमागे इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच पोरासाठी एकेकटे रडलो. एकत्र रडलो असतो तर थोडं हलकं झालं असतं. आता तेही गेलं. मी तिला म्हटलं, माझं चुकलं. ती म्हणाली, “दोघांचंही. गप्प बस, कोट काढ, उकडतंय.” कोट काढला तर आतून पेला निघाला. कोंबडा पाहून मात्र तिचा बांध फुटला.

काल सकाळी ती कॉफी घेऊन आली, खुर्चीमागे उभी राहिली, पण तिने काही विचारलं नाही. मी ओळीपुढची खूण काढली. एक आलं. आम्ही दोघांनी मिळून वाचलं, पहिल्यांदाच. तिने ते पत्रक कधी पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं. पडद्यावर त्याच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, “ह्या श ला शेपूट का आहे?” मी सगळं समजावून सांगितलं, तुर्कांचा एस, जुने कीबोर्ड. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “परक्या मुलखात कुणाला ठाऊक असणार. लिहिलं तेच खूप.” मग मी यंत्र बंद केलं. आता ते रोज लावायचं कारण नाही.

द्राक्षं उतरवून झाली की आम्ही कास्तेयॉनला जाणार आहोत. सावेता घरचं मेण वितळवून मेणबत्ती करते आहे.

होरेझूचा पेला तुला पाठवतो आहे. गल्लीतल्या सगळ्यांना मिळाले, हा उरला, आणि सावेता म्हणाली, हा क्लुजच्या मुलीचाच. चेरी वाटेत सडतील म्हणून तुमच्याकडच्या बाजारातून घे. मेणबत्ती सोबत आहे. हा पेला साबिनच्या आत्म्यासाठी.

नेआ एमिलियान


क्लुज, ९ जून २०१७

नेआ एमिलियान, त्सात्सा सावेता,

पेला पोचला. त्सात्सा सावेतांनी भरतकामाच्या रुमालात गुंडाळला होता, कुठेही टवका उडालेला नाही. मी बाजारात जाऊन चेरी आणल्या आणि पेला भरला. स्वयंपाकघराच्या खिडकीत मेणबत्ती लावली. वडिलांसाठी तेव्हा लावता आली नव्हती, म्हणून शेजारी आणखी एक लावली. तुम्हाला चालेल ना?

मग चेरी एकेक करून खाल्ल्या, तळाचा कोंबडा दिसेपर्यंत. पेला खाली ठेवला नाही.

पहिल्या पत्रात मी एक शब्द गमतीने लिहिला होता, आणि तुम्ही म्हणाला होतात की तो असा उधळायचा नसतो. आज घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी मी तो मोठ्याने म्हटला. इथेही लिहिते, म्हणजे तुम्हा दोघांपर्यंत पोचेल.

बोगदाप्रोस्ते.

स्मरांडा